अक्षरं दाखवणारी डबी

परभणीत माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिकांचे मजकूर, एखाद्या प्राध्यापकाचा प्रबंध, जे येईल ते मी मराठीत टाइप करून देतो. दिवसभर नजर अक्षरांवर असल्यामुळे रस्त्यावरच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तरी मला चैन पडत नाही. ही खोड मला माझ्या थोरल्या बहिणीनं लावली. अक्का प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मी शाळेत जायच्या आधीच तिनं मला पाटीवर बाराखडी गिरवायला बसवलं होतं, आणि काना तिरका गेला की ती पाटी पुसून परत हातात द्यायची.

अक्का सोनपेठला असते. चाळिशीनंतर तिचं ऐकणं हळूहळू गेलं. आधी डावा कान, मग उजवा. शाळा सोडावी लागली. कानाला मशीन लावून बघितलं, पण ती म्हणायची, "भांडी पडल्यासारखा आवाज येतो रे, शब्द येत न्हाईत." मग तिनं ते मशीन कपाटात ठेवलं आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायला स्वतःच शिकली. समोर एकच माणूस असेल तर तिचं फारसं अडत नाही. चारजण एकदम बोलायला लागले की मात्र ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहते आणि शेवटी दमून गप्प बसते.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे तिच्याकडे जमलो होतो. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून त्यानं त्याच्या चार वर्षांच्या मुलीचे व्हिडिओ पाठवले होते. मी ते पेन ड्राइव्हवर घेऊन अक्काच्या टीव्हीला लावले. पोरगी बाहुलीला जेवू घालत होती आणि अखंड बडबडत होती. एका ठिकाणी तिनं असं काही म्हटलं, की आम्ही सगळे खो खो हसलो. दाजी तर पोट धरून हसले.

अक्का टीव्हीकडे बघतच नव्हती. ती आमच्याकडे बघत होती.

"काय म्हणली?" तिनं दाजींना विचारलं.

दाजी अजून हसतच होते. "काही न्हाई गं, असंच."

अक्का पण थोडी हसली, आणि चहा ठेवते म्हणून आत गेली.

परत येताना एसटीत माझी बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "तुमी दिवसभर लोकांचं टाइप करता. त्या पोरीचं बोलणं टाइप करता येत न्हाई का? पिक्चरमध्ये खाली येतं तसं?"

इतकी वर्षं टायपिंग करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी तेच घेऊन बसलो. काम फार अवघड नव्हतं. एक साधी मजकुराची फाइल करायची, प्रत्येक ओळीच्या आधी ती कधी दिसावी आणि कधी जावी ती वेळ टाकायची, आणि त्या फाइलला व्हिडिओचंच नाव देऊन दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या. बस. कानाला हेडफोन लावून मी त्या पोरीचा शब्द न् शब्द टाइप केला. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी मला पत्ता नसायचा. एकजण वारसा प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन आला होता, त्याला मी म्हटलं, "जरा थांबा, बाहुलीचं जेवण उरकू द्या." तो बिचारा खरंच थांबला, आणि वाकून बघत बघत हसायला लागला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर पोरगी बोलली आणि खाली ओळ उमटली, तेव्हा मी दुकानात एकटाच होतो. तरी टाळी वाजवली.

पुढच्या रविवारी पेन ड्राइव्ह खिशात घालून सोनपेठ गाठलं. अक्काला खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला. व्हिडिओ सुरू झाला, पोरीनं तोंड उघडलं, आणि खाली ओळभर रिकामे चौकोन आले. पुढच्या ओळीला पुन्हा चौकोन. त्या टीव्हीला व्हिडिओ कळत होता, पण मराठी अक्षरं त्याच्या पोटात नव्हतीच.

"काय रे, खाली फरश्या बसवल्यास का?" अक्का म्हणाली.

मी उठून टीव्हीची सेटिंग उलटीपालटी करायला लागलो. इंग्रजी होती, आणखी कुठल्या कुठल्या परदेशी भाषा होत्या, मराठी नव्हती. अक्का मात्र चौकोनांकडे टक लावून बघत होती. पोरगी बोलली की चौकोनांची रांग यायची, थांबली की जायची, लगेच दुसरी यायची.

"माय माय," अक्का म्हणाली, "एवढं बोलती ती?"

मी मान हलवली.

"हे सगळं तू लिहिलंस? माझ्यासाठी?"

"हो. काय म्हणली ते सांगू का?"

तिनं झटकन हात वर केला, वर्गात करायची तसा. "सांगू नको. मी वाचीन. तू फक्त अक्षरं दिसतील असं काहीतरी बघ."

दाजी नवा टीव्ही घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, "टीव्ही चांगलाय. ह्याच्या पाठीमागं एक छोटी डबी लावायची. मग व्हिडिओ चालवायचं काम डबी करंल, टीव्ही नुसता आरशासारखा दाखवील."

"पण ती मला एकटीला लावता आली पाहिजे," अक्का म्हणाली. "दरवेळी कुणाला बोलवायचं, मला न्हाई जमायचं."

परत आल्यापासून माझ्या डोक्यात ती डबीच होती. दुकानात बसून मी एक परीक्षेचा पेन ड्राइव्ह तयार केला. त्यात नातीचा व्हिडिओ होता. माझ्या लग्नाची जुनी कॅसेट पूर्वी कधीतरी फाइलमध्ये करून घेतली होती, तिचा एक तुकडा होता, कारण असल्या जुन्या फाइली कुठं कुठं चालत नाहीत. आणि एक खास व्हिडिओ मी मुद्दाम केला. चित्र काहीच नाही, नुसती खाली एक ओळ: "मिरची, किल्ल्या, कुऱ्हाड, स्त्री, क्षत्रिय, श्रीखंड, दृष्ट." सगळी अवघड जोडाक्षरं एका जागी. हे ज्याला जमलं तो पास.

मग दुकानाला जेवणाची सुट्टी झाली की मी पेन ड्राइव्ह घेऊन बाजारात. पहिल्या दुकानात एक सुबक काळी कांडी दाखवली. टीव्हीच्या पाठीमागं खोचायची आणि रिमोटमध्ये बोलून सांगायचं, हे लाव, ते लाव. मी विचारलं, "पेन ड्राइव्ह कुठं लावायचा?"

दुकानदार माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "साहेब, आता सगळं इंटरनेटवर हाय. पेन ड्राइव्ह कोण वापरायलंय?"

"माझी बहीण," मी म्हटलं आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानातल्या डबीला पेन ड्राइव्ह लागला. व्हिडिओ चालू झाला. खाली अक्षरं आली, मराठी अक्षरं! मी जवळ जवळ ओरडलोच. मग नीट बघितलं. वेलांटी सरकून पुढच्या अक्षरावर गेली होती. "मिरची"ची "मरिची" झाली होती, आणि "कुऱ्हाड"चे तर तुकडेच पडले होते, प्रत्येक अक्षर पाय मोडून वेगळं पडलेलं.

"वाचता येतंय ना साहेब?" दुकानदार म्हणाला.

"येतंय हो. पण माझी बहीण मास्तरीण होती."

मी पडद्याचा फोटो काढून अक्काला पाठवला. तिचं उत्तर आलं ते दुकानाची पायरी उतरायच्या आत: "मरिची? नापास. परत कर."

तेव्हापासून तिलाही ह्या शोधाचं वेड लागलं. मी फोटो पाठवायचो, ती निकाल द्यायची. एका डबीवर सगळं बरोबर आलं होतं, फक्त "दृष्ट" चुकलं होतं. मला वाटलं, चालवून घेईल. तिनं लिहिलं, "माझ्या नातीची दृष्ट काढायची आहे, मोडकी कशी चालेल?" आणि पाठोपाठ दुसरा निरोप: "मीच येते परभणीला."

दोन दिवसांनी ती सकाळच्या एसटीनं आली. ठेवणीतली साडी, पर्स आणि चष्म्याची दोन घरं, एक लांबचं, एक जवळचं. कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. मी म्हटलं, "आधी घरी चल, जेव." ती म्हणाली, "आधी डबी."

आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. टीव्ही, पंखे, मिक्सर, सगळं विकणारं. गल्ल्यावरच्या मालकाच्या तोंडात गुटख्याचा तोबरा होता. तो तोंड वर करून, ओठ मिटून काहीतरी बोलला. मला अर्धवट कळलं, अक्काला काहीच नाही. तिनं त्याला सरळ सांगितलं, "भाऊ, मला ऐकू येत न्हाई. मी ओठ वाचते. आधी ते तोंडातलं थुंकून या, मग बोला."

मालक उठला, बाहेर गेला, चूळ भरून आला आणि अक्कापुढे येऊन एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "बोला ताई, काय दाखवू?"

"अक्षरं दाखवा," अक्का म्हणाली.

मी सगळं समजावून सांगितलं. त्यालाही मजा वाटली असावी, कारण त्यानं भिंतीवरचा मोठा टीव्ही आमच्यासाठी मोकळा करून दिला. दोन डब्या काढल्या. एक चकचकीत होती, तिचा रिमोट बोटाएवढा, बटणं दिसायचीच नाहीत. दुसरी जाडजूड, काळी, साबणाच्या वडीसारखी. तिला पेन ड्राइव्हच्या दोन जागा आणि रिमोटवर मोठी मोठी बटणं. मला चकचकीत आवडली होती. अक्कानं दोन्ही रिमोट हातात घेतले, चष्मा काढला, चष्म्याशिवाय बटणं चाचपली, आणि साबणवडीचा रिमोट स्वतःकडे ठेवून दुसरा मला दिला. "हे माझं झालं. आता अक्षरं बघू."

आधी लग्नाचा तुकडा लावला. चकचकीत डबीवर माझ्या लग्नाचं चित्र छान आलं, पण आवाजच नाही. मालकानं खूप खटपट केली, आवाज काही येईना.

"ताई, ह्या जुन्या फाइलचा आवाज ह्याच्यात निघत न्हाई," तो ओशाळून म्हणाला.

"मला चालतंय की!" अक्का म्हणाली.

"अगं, आन् दाजींचं काय?" मी म्हटलं.

"त्यांना कळू दे एकदा कसं वाटतं ते!"

मालक इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मग साबणवडी लावली. आवाज आला, बँड दणाणला, दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आता माझी परीक्षेची ओळ. पडदा काळा झाला आणि खाली उमटलं: मिरची, किल्ल्या, कुऱ्हाड, स्त्री, क्षत्रिय, श्रीखंड, दृष्ट. प्रत्येक वेलांटी आपल्या घरात, प्रत्येक जोडाक्षर धडधाकट.

अक्कानं ती ओळ मोठ्यानं वाचली. शाळेची नोकरी सुटल्यापासून तिचा आवाज जपून, दबकत यायचा, कारण आपण किती मोठ्यानं बोलतोय ते तिलाच कळत नाही. आज तो वर्गातला आवाज आला, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मिक्सर घ्यायला आलेल्या एका बाईनं तर सरळ होऊन पदर नीट केला.

मग अक्का मागं मागं सरकत गेली, पार पंख्यांच्या खोक्यांपर्यंत. "आमचा पलंग इतका लांब आहे," ती तिथून म्हणाली. "अक्षर मोठं होतं का?" मोठं झालं. "रंग बदलतो का?" पांढऱ्याचा पिवळा झाला. "हां! काळ्या फळ्यावर पिवळा खडू. हेच राहू द्या."

मालकानं गड्याला नवं खोकं आणायला पाठवलं. गडी कोपऱ्यात दुसऱ्या गड्याशी कुजबुजला. ते दोघे इतके लांब होते की मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. अक्का मात्र पंख्यांजवळून त्यांच्याकडेच बघत होती.

"तो परत आलेला पीस मला नको," ती एकदम म्हणाली.

गड्याचा चेहरा उतरला.

"ते म्हणायलेत, परवाचा परत आलेला पीस दे, ह्यांना काय कळायलंय," अक्कानं मालकाला सांगितलं. रागानं नाही, एखादी बातमी सांगावी तसं. मालकानं गड्यांकडे असं बघितलं, की त्यातला एक आपल्या पायानं कोठीत गेला आणि सील न फोडलेलं खोकं घेऊन आला. मालकानं ते अक्काच्या हातात दिलं. "ताई, रोज येऊन बसा दुकानात. मला लय उपयोग व्हईल तुमचा."

मी म्हटलं, "अक्का, नातीचा व्हिडिओ आत्ताच बघायचा का? अक्षरं यायलीत."

तिनं खोकं छातीशी धरलं. "इथं न्हाई. घरी."

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही नवराबायको सोनपेठला गेलो. अक्कानं सकाळपासून स्वयंपाक उरकून ठेवला होता. डबी टीव्हीच्या मागं बसवली, पेन ड्राइव्ह लावला, आणि रिमोट तिच्या हातात दिला. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते मी एकदाच दाखवलं. तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतः एकेक दाबत नातीच्या व्हिडिओपर्यंत पोचली.

पोरगी पडद्यावर आली. बाहुलीला मांडीवर घेतलं. पहिली पिवळी ओळ उमटली.

आम्ही कुणीच टीव्हीकडे बघत नव्हतो. दाजी, माझी बायको, मी, तिघेही अक्काकडे बघत होतो. तिचे ओठ वाचताना हलत होते. "घास घे. मोठा आ कर. हा काऊचा, हा चिऊचा." मग तिच्या भुवया वर गेल्या, आणि ती फस्सकन हसली. इतक्या जोरात, की चष्मा नाकावरून घसरला. ती हसली, आणि त्यानंतर टीव्हीतून पोरीचा आवाज आला: "नीट खा! नाहीतर सोनपेठची आजी येईल आणि पाढे म्हणायला लावेल!"

मग दाजी हसले. मग आम्ही.

काय झालं ते माझ्या एकदम लक्षात आलं. माझ्या ओळींची वेळ किंचित आधीची पडली होती. पोरगी बोलायच्या जरा आधीच ओळ दिसत होती. ह्या घरात अक्का नेहमी सगळ्यांच्या नंतर हसायची, कुणी समजावून सांगितलं तर. आज ती सगळ्यांच्या आधी हसली होती. पुढच्या गमतीलाही तेच. अक्का हसायची, आणि दाजी उतावीळ होऊन विचारायचे, "काय? काय म्हणणाराय?" अक्का हात करून त्यांना गप्प करायची. "थांबा, यायलंय!"

व्हिडिओ संपल्यावर मी तिला समोर बसून सांगितलं, "अक्का, वेळ थोडी चुकलीय. मी दुरुस्त करून देतो."

"हात लावू नको," ती म्हणाली. "हाय तसं राहू दे." मग तिनं तोच व्हिडिओ पुन्हा लावला.

त्यानंतर माझ्या लग्नाचा तुकडा लावला. त्यात मी फारशा ओळी टाकल्या नव्हत्या, कारण बँड इतका वाजत होता की माणसांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. मी नुसतं लिहिलं होतं, "बँडचा आवाज." मांडव दिसला, पंगत दिसली, आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली आमची माय दिसली. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. ती कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे तरी बघून काहीतरी बोलत होती. तो तुकडा मी कितीतरी वेळा बघितला होता, आणि दरवेळी वाटायचं, काय बोलत असेल माय.

अक्कानं बटण दाबून चित्र थांबवलं. मागं नेलं. पुन्हा लावलं. पलंगावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"माय बोलायलीय," ती म्हणाली.

बायकोनं माझा हात धरला. माझ्या मनात काय काय येऊन गेलं. माझ्या लग्नाच्या दिवशी माय काय म्हणाली असेल, आशीर्वाद असेल, माझ्याबद्दल काही असेल. अक्कानं परत मागं नेलं, परत बघितलं, आणि आमच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि तिला हसू आवरत नव्हतं, दोन्ही एकदम.

"ती म्हणायलीय, जावयाला सांगा, बुंदी झाकून ठेवा. माशा बसायल्यात."

दाजी ताडकन उठले. "अगं, मी झाकली होती! ताट ठेवलं होतं की त्याच्यावर!"

माझ्या लग्नात बुंदीच्या पातेल्यापाशी दाजींनाच बसवलं होतं. ते टीव्हीकडे हात करून मायला सांगत होते, झाकली होती म्हणून, आणि आम्ही तिघे हसून हसून बेजार झालो होतो. मीही रडलो असेन थोडा, पण हसण्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच आठवड्यात मी ती ओळ टाइप केली आणि बँडच्या जागी टाकली. आता आमच्या घरी हा व्हिडिओ लागला की माय बोलते.

हे सगळं झाल्याला बरेच महिने होऊन गेले. डबी अजून ठणठणीत आहे. शेजारच्या बाया दुपारी अक्काकडे येऊन बसतात. त्यांना ऐकू येतं, तरी त्या खालच्या ओळी वाचतात. मी व्हिडिओ पाठवले की अक्का शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवते. मी टायपिंगवर पोट भरणारा माणूस, पण तिच्या हातून अजून एकही फाइल बिनचूक सुटलेली नाही.

मध्ये एकदा तिचा निरोप आला: "कुणी बोलत नसतं तेव्हा खाली काहीच नसतं. तेव्हा खरंच काही ऐकू येत नाही का?"

मी हेडफोन लावून जुना एक व्हिडिओ पुन्हा ऐकला. आमच्याच घरातला, बायको भाकरी करतानाचा. मला वाटलं होतं, त्यात काहीच आवाज नाही. आणि ऐकतो तर काय! परातीत भाकरी थापल्याचा आवाज होता. बांगड्या होत्या. लांबून भोंगा लावून येणारा भंगारवाला होता. एक होला पक्षी घुमत होता, तो तर मला आमच्या घराजवळ आहे हेच माहीत नव्हतं. मी सगळं टाइप केलं. "भाकरी थापल्याचा आवाज." "बांगड्या वाजतात." "होला घुमतो." पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं: "होला? कुठं? माझ्या घराजवळ आहे का? ये आणि ऐक."

म्हणून मागच्या रविवारी मी पुन्हा सोनपेठला गेलो. मोबाइल हातात धरून तिच्या घरात सावकाश फिरत होतो आणि ती माझ्या मागं मागं, वही न् पेन घेऊन. "आता? आता काय वाजायलं?" टाइप करेपर्यंतही तिला दम नव्हता. मी तिच्याकडे तोंड करून सांगायचो आणि ती लिहून घ्यायची. मागच्या दारी चिमण्या. शेजारी कुणीतरी कपडे आपटतंय. रस्त्यावरून ट्रॅक्टर, त्यात गाणं. होला नव्हता, पण भारद्वाज होता. ती प्रत्येक आवाजाला त्या दिशेला मान वळवून बघायची आणि खुश होऊन लिहायची.

बैठकीत आल्यावर तिनं वर बोट केलं. "आन् हा पंखा? हा वाजतो का?"

"हो. कुरकुरतो."

"आज?"

"न्हाई, लय दिवसांपासनं."

तिनं वही मिटली आणि पलंगावर पेपर वाचत बसलेल्या दाजींकडे वळली.

"इतके दिवस तुमाला ऐकू यायलंय, आन् तुमी तेल घातलं न्हाई?"

दाजींनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे एकवार बघितलं आणि स्टूल आणायला आत गेले.